कोरा, गुळाचा आणि बशीतून
चहा कोरा असावा, गुळाचा असावा आणि बशीतूनच प्यावा, हे माझं ठाम मत. बीड जिल्ह्यात ही आवड जिभेच्या चोचल्यातून आलेली नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली गावं ओस पडू लागतात आणि ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. तिथं कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, पहाटेच्या अंधारात तीन दगडांची चूल पेटते. दुधाचा भरवसा नसतो. पातेल्यात पाणी, पत्ती, ठेचलेलं आलं, मिळालीच तर गवती चहाची पात, वरून गुळाचा खडा. त्यात शिळी भाकरी कुस्करून खायची आणि कोयता घेऊन फडात उतरायचं. ऊस तोडणाऱ्या हातांना हा चहा न्याहारीसारखा लागतो. दूध घालायचंच असेल तर पातेलं खाली उतरवून, वेगळं तापवलेलं घालावं. गुळाबरोबर उकळलं की ते फाटतं. बशीलाही कारण आहे. पसरट बशीत चहा लवकर निवतो, घाईतल्या माणसाची जीभ भाजत नाही. आष्टी-कड्याकडं दूध बरं असतं, तिकडचा दाट चहा मी आवडीनं पितो. पण पाहुण्यापुढं कोरा चहा ठेवायला लाजणाऱ्या घरात माझा जीव तुटतो. दुधासाठी वाटी घेऊन शेजारी धावणारी बाई दिसली की मी आधीच सांगतो, "मावशी, थांबा, मला कोराच टाका."