कोट वळवणारे राजे आणि आपली माहुली

आमच्या शिराळ्यात संभाजी महाराजांचा विषय निघाला की बोलणं भुईकोटावर येतंच. १६८९ साली महाराजांना कैद करून नेताना सोडवण्याचा प्रयत्न इथेच झाला, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय. पण महाराणी येसूबाईंची समाधी कुठे, असं वर्गात विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. मोगलांच्या कैदेत जवळपास ३० वर्षं काढून ही बाई १७१९ साली साताऱ्यात परतली. तिची समाधी साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीत आहे. साताऱ्याच्या अभ्यासकांनी जुने कागद चाळून ती अलीकडे ओळखली.

पूर्वजांच्या समाध्या कशा जपाव्यात, याचा विचार करताना मला ग्रीस आठवतं. तिथल्या मायसीनी या प्राचीन नगरात १८७६ साली पुरातत्त्व संशोधक श्लीमानने राजघराण्याच्या कबरी उकरल्या आणि सोन्याचे मुखवटे जगभर गाजले. मला त्या सोन्यापेक्षा तिथली भिंत मोठी वाटते. मृतांना पुरल्यावर सुमारे ३०० वर्षांनी तिथल्या राजांनी नगराचा कोट वाढवला, तो मुद्दाम असा की जुन्या कबरी आत याव्यात. भोवती उभ्या शिळांचं कडं घातलं. त्या कबरींत कोण निजलंय, त्यांची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत.

आपल्याकडे नावं आहेत, कागद आहेत. थोरले शाहू महाराज १७४९ साली गेले. त्यांची समाधी याच माहुलीत, नदीच्या पात्रात. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराराणींचीही इथलीच. पाणी चढलं की चौथरे बुडतात, ओसरलं की गाळाखाली जातात. मागच्या उन्हाळ्यात एका बेनाव चौथऱ्यापाशी बसलो होतो. दोन घडीव दगडांच्या सांध्यात पिंपळाची मुळी शिरली होती आणि वरचा दगड चांगला बोटभर सरकला होता. शेजारी गाळात रुतलेली फरशी पायानं चाचपावी लागली.

इथे सिमेंट आणि ऑइलपेंट घेऊन कुणी धावू नये, हात जोडून सांगतो. आधी प्रत्येक चौथऱ्याची मोजमापं घ्या, नकाशा काढा. कुठली समाधी कुणाची, ते कशाच्या आधारे म्हणतो, हे फलकावर लिहा. आधार नसेल तर तसंही लिहा. दर पावसाळ्यानंतर पुरातत्त्वाच्या जाणकारांसमोर गाळ काढा. हा खर्च भव्य स्मारकाच्या एका कमानीइतकाही नाही.

आमच्या भागातल्या शाळांच्या सहली गडांवर जातात, जाव्यातच. यंदा शिक्षकांनी वाटेत अर्धा दिवस माहुलीला द्यावा आणि मुलांच्या हाती टेप व वही द्यावी.