आधी अर्थ, मग रीत: ‘बालभारती’ला खुले पत्र

प्रति,
संचालक आणि गणित विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, पुणे



नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. पहिलीचे नवे पुस्तक २०२५-२६ मध्ये वर्गात पोचले. या पत्राचा विषय सहावी ते आठवीचे गणित एवढाच आहे, कारण गणिताशी मुलांची फारकत बहुधा याच तीन वर्षांत होते. चौथीपर्यंतचे गणित बोटांवर, मण्यांवर करून पाहता येते. सहावीपासून अपूर्णांकांचा भागाकार, ऋण संख्या, संख्यांच्या जागी अक्षरे असे सगळे एकदमच अंगावर येते. आणि कालपर्यंत उत्तर कसे काढले ते समजावून सांगणारी मुलगी ‘सरांनी असंच करायला सांगितलंय’ म्हणू लागते.

अपूर्णांकांचा भागाकारच घ्या. ‘भाजक उलटा करा आणि गुणा’ ही रीत दोन मिनिटांत सांगून होते. ३ भागिले १/४ बरोबर १२, हे मुले बिनचूक लिहितात. पण भागाकार करूनही उत्तर मोठे का आले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. हाच प्रश्न दुधाच्या मापाचा करून विचारावा. तीन लिटर दूध पाव लिटरच्या मापाने किती वेळा मोजावे लागेल? बारा वेळा, हे सांगायला कुणाला रीत लागत नाही. मग माप पाऊण लिटरचे करावे. एका लिटरात चार पाव, तीन लिटरांत बारा पाव. तीन पावांचे एक माप, म्हणजे मापे झाली चार. चारने गुणले, तीनने भागले. भाजक उलटा करून गुणण्याची रीत इथे मुलांच्याच हिशेबातून निघाली, आणि अशी निघालेली रीत विसरली तरी पुन्हा काढता येते.

मुलांकडे हा हिशेब असतोच, याचा भक्कम पुरावा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत विक्रीचे काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वजन, दर आणि सुटे पैसे यांचा तोंडी हिशेब चटकन करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेल्या गणितांपाशी अडखळली. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांचे नेमके उलटे झाले. ब्राझीलमधील रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांबाबतही संशोधकांना असेच आढळले होते. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. या मुलांना हिशेबच येत नाही, असा निष्कर्ष त्यावरून काढणे त्यांच्यावर अन्यायाचे ठरेल.

महाराष्ट्रातल्या खेड्यात क्षेत्रफळ शिकवायला गुंठ्यासारखे साधन नाही. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शाळेच्या पटांगणात फक्कीने एक गुंठा आखावा. त्याची परिमिती भरते १३२ फूट. आता तेवढ्याच दोरीने ५५ फूट लांब आणि ११ फूट रुंद आयत आखावा. क्षेत्रफळ येते फक्त ६०५ चौरस फूट. कुंपणाची तार तेवढीच, आणि जमीन निम्म्याहून जेमतेम जास्त! परिमिती आणि क्षेत्रफळ यांत गल्लत करणारे मूल इथे थांबून विचार करते. पुढे बाजू ६६ फूट केली तर गुंठे किती, असे विचारावे. बरीच मुले दोन म्हणतील. त्यांना मोजू द्यावे. चार निघाले की वर्ग आणि बाजू यांचे नाते कुणाला पाठ करावे लागणार नाही.

ऋण संख्यांचेही असेच आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये संपत्ती आणि कर्ज या भाषेत त्यांचे नियम मांडले, आणि कर्ज म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला सांगावे लागत नाही. ऋण गुणिले ऋण मात्र कर्जाच्या गोष्टीत नीट बसत नाही. तिथे आकृतिबंध कामाला येतो: २ गुणिले −३ म्हणजे −६, १ गुणिले −३ म्हणजे −३, शून्य गुणिले −३ म्हणजे ०. प्रत्येक पायरीला उत्तर तीनने वाढते. मग −१ गुणिले −३ किती, हे मुलेच सांगतात.

सरावाबद्दलही एक सांगायला हवे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ ही संख्या जगापुढे आणली. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करा, आणि उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि तिथेच गाडी थांबते. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत हे घडते. हा शोध हाती दिला की एरवी दहा वजाबाक्यांना कंटाळणारी मुले पाने भरतात. एनसीईआरटीच्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’मध्ये ही गंमत आहे. ज्या राज्यात कापरेकरांनी आयुष्यभर शिकवले, तिथल्या पुस्तकात तिला हक्काची जागा हवी.

बदलाचे धैर्य मंडळाकडे आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे संख्यावाचन आले आणि मोठा वाद झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणे शांतपणे मांडली. कारणे रास्त होती. ती शिक्षक-पालकांपर्यंत पुस्तकाच्या आधी पोचायला हवी होती.

म्हणून मंडळाला विनंती अशी की, नव्या पुस्तकांत प्रत्येक रीतीआधी ती का चालते हे मुलांना शोधता येईल अशी कृती द्यावी, त्यासाठी स्वाध्यायातली काही उदाहरणे कमी करावी लागली तरी चालेल. अपूर्णांक, ऋण संख्या आणि क्षेत्रफळ ही प्रकरणे छपाईपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत शिकवून पाहावीत, आणि तिथल्या शिक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या शिक्षक हस्तपुस्तिकेत कारणांसह छापाव्यात.