कष्टाचा पैसा आणि कायद्याचा पहारा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्यानंतर पुढच्याच वर्षी, त्याच अमेरिकेत, त्याच दास्यमुक्तांच्या घामाचा पैसा बुडाला. ही हकीकत आमच्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी आहे.

३ मार्च १८६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीने 'फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँके'ला सनद मिळाली. कालपरवापर्यंत जे स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता होते, त्यांच्या हाती पासबुक आले. सैनिकांनी पगार, मजुरांनी रोजी आणि धुणे धुणाऱ्या बायकांनी पै-पै आणून ठेवली. दक्षिणेत गावोगाव शाखा निघाल्या. त्यांची संख्या ३७ पर्यंत गेली.

मूळ सनदेप्रमाणे ठेवींचा मोठा भाग सरकारी रोख्यांतच गुंतवावयाचा होता. हे कुंपण १८७० साली कायद्यात दुरुस्ती करून मोडण्यात आले व जमीनजुमल्यावर कर्जे देण्याची मुभा मिळाली. वित्त समितीचे प्रमुख हेन्री कुक यांच्या कारकीर्दीत आप्तमित्रांच्या उद्योगांना अपुऱ्या तारणावर पैसा गेला. १८७३ च्या मंदीत त्यांचे बंधू जे कुक यांची पेढी कोसळली आणि बँकेचा पाया उघडा पडला. मार्च १८७४ मध्ये फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसविण्यात आले. गुलामीत जन्मलेल्या या पुरुषाने पदरचे १०,००० डॉलर बँकेस उसने दिले. परंतु घर आतून पोखरले गेल्यावर दाराशी प्रामाणिक माणूस उभा करून काय उपयोग? २९ जून १८७४ रोजी बँक बंद झाली. सुमारे ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लक्ष डॉलर अडकले. पुढे निम्म्या लोकांना हप्त्याहप्त्याने सुमारे तीन-पंचमांश रक्कम मिळाली. बाकीच्यांना काहीच नाही.

ही बँक सरकारचीच आहे, असा त्या भोळ्या ठेवीदारांचा समज होता. सरकारची हमी मात्र कोठेही नव्हती. आपल्या देशात १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कोठे १ जानेवारी १९६२ पासून बँकांतील ठेवींना विम्याचे संरक्षण आले. २०२० साली त्याची मर्यादा ५ लक्ष रुपये करण्यात आली. परंतु हा विमा बँकांपुरता आहे. गल्लीतील पतसंस्थेतील ठेवींना तो लागू नाही, हे किती जणांस ठाऊक आहे?

म्हणून आमचे सांगणे एवढेच: भिंतीवरील थोर पुरुषाची तसबीर पाहून ठेव ठेवू नका. संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल मागा, वार्षिक सभेस जा, कर्ज कोणास दिले ते विचारा. चालक आपल्याच समाजाचे असले, तरी प्रश्न विचारणे म्हणजे द्रोह नव्हे. तो ठेवीदाराचा हक्क आहे. आणि जो आपला हक्क बजावीत नाही, त्याच्या ठेवीवर पहारा करावयास दुसरा कोणी येत नसतो.