गाडी मागच्या गल्लीत का लावायची?

यंदाच्या गणपतीला आम्ही मंडळाच्या हॉलपाशी पोचलो तेव्हा माझी अकरा वर्षांची लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आई, आपण गाडी मागच्या गल्लीत लावू या ना." मला वाटलं, दारात जागा नसेल. जागा होती. एका बाजूला मर्सिडीज, दुसऱ्या बाजूला ऑडी आणि मधोमध आमच्या गाडीपुरती मोकळी जागा. "सगळ्यांच्या जर्मन आहेत, आपलीच नाही," ती हळूच म्हणाली. मी गाडी तिथेच लावली, पण आरतीत लक्ष लागलं नाही.

जेवताना वरून फोडणी पडली. मंडळातले एक जुने स्नेही, मुलं ज्यांना काका म्हणतात, हातात उकडीचा मोदक घेऊन म्हणाले, "वहिनी, श्टुटगार्टला राहून जपानी गाडी? म्हणजे कोल्हापुरात जाऊन सांबार मागवण्यासारखं झालं." सगळे हसले, लेकही हसली. तिचं ते हसणं मला लागलं, म्हणून हा लेख.

मी पोर्शेबद्दल बोलत नाही. आपण रोज शाळेत, भारतीय दुकानात आणि विमानतळावर नेतो त्या गाड्यांबद्दल बोलते आहे. एकीकडे गोल्फ, पसाट, ए-फोर, सी-क्लास आणि दुसरीकडे कोरोला, सिव्हिक, आय-थर्टी, सीड. घरचा जमाखर्च मी वहीत लिहिते, आईची सवय. त्या वहीत दोन गाड्यांची पानं आहेत आणि माझं म्हणणं त्याच पानांवर उभं आहे.

पहिली गाडी जर्मन होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. २०१४ साली लीझवरून परत आलेली, तीन वर्षं वापरलेली आम्ही १४,८०० युरोंना घेतली. दार लावलं की काय आवाज यायचा! जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा लागल्यासारखा. यांना तर आकाश ठेंगणं झालं होतं. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकत असल्यापासून यांचं ते स्वप्न होतं.

२०१७ च्या नोव्हेंबरात सासूबाई मुंबईहून आल्या. फ्रँकफर्टहून त्यांना घेऊन येताना आ-आख्ट या ऑटोबानवर, फोर्त्सहाइमच्या उतारापाशी, डॅशबोर्डवर गिअरचा दिवा लागला आणि गाडी गिअरच घेईना. कशीबशी कडेला घेतली. बाहेर दोन अंश. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई अंगावर शाल आणि मांडीवर मेतकुटाचा डबा घेऊन लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभ्या. एडीएसी या मोटार क्लबची पिवळी गाडी यायला दीड तास लागला. तो मुलगा भला होता, लॅपटॉप जोडून बघितलं आणि म्हणाला, "इथे काही करता येणार नाही."

गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारा भाग गेला होता. गाडी १,१४,००० किलोमीटर चाललेली, सर्व्हिसचे सगळे शिक्के वेळेवर. बिल २,३८० युरो. कुलान्झचा, म्हणजे कंपनीनं सौजन्य म्हणून खर्च उचलावा असा, अर्ज केला, तीन आठवड्यांनी दोन ओळींचं नम्र पत्र आलं: गाडीचं वय पाहता शक्य नाही. गाडीचं वय सहा वर्षं! त्याआधी वॉटर पंपाचे ६४० आणि एका सेन्सरचे ३१० वहीत आहेतच. २०१८ मध्ये ती विकली.

फोर्त्सहाइमचं नाव आलं म्हणून सांगते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्झ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानं बनवलेली मोटार काढून मानहाइमहून याच फोर्त्सहाइमला गेली होती. ते तिचं माहेर. शंभरावर किलोमीटरचा रस्ता. इंधनाच्या नळीत घाण अडकली तर तिनं टोपीची पिन काढून ती साफ केली. ब्रेक झिजले तर वाटेतल्या चांभाराकडून चामडं लावून घेतलं. इंधन संपलं तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला आणि बिघाड स्वतःच्या हातानं काढत केला. मला त्या बाईबद्दल फार आदर आहे. सव्वाशे वर्षांनी तिच्याच माहेरच्या उतारावर मी सासूबाईंना घेऊन उभी होते आणि कोणाच्याच हाताला काही काम नव्हतं. गाडी इतकी हुशार करून ठेवली होती की रस्त्यावर तिला कोणी हातच लावू शकत नव्हतं.

यात यंत्र बनवणाऱ्यांचं कौशल्य कमी पडतं असं मी म्हणत नाही. गाडी कोणासाठी बनते, हा माझा प्रश्न आहे. जर्मनीत नोंदणी होणाऱ्या नव्या गाड्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कंपन्यांच्या नावावर असतात. फिर्मेनवागन, म्हणजे कंपनीनं दिलेली गाडी, आणि तिच्यावरच्या कराचा एक टक्क्याचा नियम आपल्यातल्या बहुतेक घरांना माहीत आहे. ती गाडी तीन वर्षांनी परत जाते. बसायला सुख, पळायला सुसाट, आत पडदे मोठे, या सगळ्याचा हिशेब त्या पहिल्या तीन वर्षांचा. चौथ्या वर्षी ती कोण घेतो? नुकताच पुण्याहून, नाशिकहून आलेला आपलाच मुलगा. आठव्या-नवव्या वर्षाचा खर्च त्याच्या माथी येतो.

वॉरंटीचे कागद काढून बघा. किआ युरोपात २०१० पासून सात वर्षांची वॉरंटी देते, ह्युंदाई पाच वर्षांची. टोयोटा जर्मनीत दर सर्व्हिसबरोबर वॉरंटी पुढे ढकलत दहा वर्षांच्याही पलीकडे नेते. फोक्सवागनची मूळ वॉरंटी वर्षानुवर्षं दोन वर्षांची राहिली, पुढचं हवं तर वेगळे पैसे मोजा. आपल्या मालाची खात्री असलेला व्यापारी असं करतो का?

हे मला वडिलांमुळे कळतं. ते इचलकरंजीत मागावर होते, चार साधे माग सांभाळायचे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तरी माग खटखटत राहतो आणि कापड खराब होत जातं. ते डोळ्यांत तेल घालून बघायचे, कारण दोष निघाला तर पैसे त्यांचे कापले जायचे. टोयोटाच्या घराण्याचा मूळ धंदा हाच, मागांचा. साकिची टोयोडानं १९२४ साली जो स्वयंचलित माग आणला तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याच्या पेटंटचे हक्क घेतले. मुलगा किइचिरोनं पुढे मोटारींचा कारखाना काढला आणि चूक दिसली की तिथेच थांबायचं ही मागाची रीत तिकडे आली. तिथला साधा कामगारसुद्धा दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वडील आठवले. दोष पुढच्या माणसाकडे ढकलायचा नाही, एवढंच ते.

टोयोटाची हायब्रिड रचना बघा. १९९७ च्या प्रियसपासून तीच, वरचेवर सुधारत आणलेली. त्यात क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. जे नाहीच ते बिघडणार कसं? आमची आत्ताची गाडीही जपानी हायब्रिडच आहे. सात वर्षं झाली, वहीत सर्व्हिस, टायर आणि एकदा ब्रेक पॅड, एवढ्याच नोंदी आहेत.

दुसरी बाजूही आहे, ती लपवणार नाही. ऑटोबानवर दीडशेच्या पुढे आमच्या गाडीत बोलायला आवाज चढवावा लागतो, अल्बच्या डोंगराचा चढ चढताना इंजिन कण्हतं. जर्मन गाडीत सासूबाईंची कंबर कमी दुखायची हे त्या स्वतः सांगतात. एडीएसीच्या बिघाडांच्या आकडेवारीत अलीकडे काही जपानी आणि कोरियन गाड्या खाली घसरल्या आहेत आणि गाडी बंद पडायचं सगळ्यांत मोठं कारण बारा व्होल्टची बॅटरी हेच निघतं. पण ती आकडेवारी रस्त्यावर थांबलेल्या गाड्या मोजते, वर्कशॉपमधलं बिल मोजत नाही. आणि खोटेपणा कुठल्या एका देशाचा नाही. २०१५ मध्ये फोक्सवागनचं डिझेल प्रकरण निघालं, जगभरातल्या एक कोटी दहा लाख गाड्यांचं. २०२३ मध्ये टोयोटाच्याच घरातल्या डाइहात्सूची सुरक्षा चाचण्यांमधली लबाडी बाहेर आली. तरी डिझेलची झळ आपल्याला इथे घरात बसली. २०१९ च्या जानेवारीपासून श्टुटगार्टमध्ये जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली आणि आपल्यातल्या कितीजणांनी चांगल्या चालत्या गाड्या मिळेल त्या भावाला काढल्या. त्यावर वेगळा लेख होईल. टचस्क्रीनवर तर बोलतच नाही. फोक्सवागननं शेवटी बटणं परत आणायचं ठरवलं, यातच सगळं आलं.

पण मंडळी, मला खरं बोलायचंय ते मुलांबद्दल. अकरा वर्षांच्या मुलीला गाडीच्या बिल्ल्याची लाज वाटते, ती तिला शाळेतल्या जर्मन मुलांनी शिकवली नाही. तिच्या वर्गात निम्मी मुलं सायकलनं येतात. ती आपल्या कार्यक्रमात शिकली, आपल्या गप्पांत शिकली. आपण मुलांना अथर्वशीर्ष पाठ करून घेतो, लेझीम शिकवतो आणि पार्किंगमध्ये त्यांच्यासमोर एकमेकांच्या गाड्या मोजतो. माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात "जर्मनचं पातेलं" म्हणजे ॲल्युमिनियमचं, अंघोळीचं पाणी तापवायचं भांडं. मान तांब्या-पितळेला. त्याच घरातून आलेले आपण आज जर्मन शब्द ऐकला की मान तुकवतो. वस्तूचं मोल ती किती वर्षं टिकते यावर ठरवायचं, हे आपल्या आयांनी शिकवलं होतं. ते आपण मुलांना द्यायला हवं होतं, निदान मी तरी द्यायला हवं होतं.

जास्त बोलले असेन तर माफ करा. आपल्या मंडळातली अर्धी घरं सिंडलफिंगन, झुफनहाउझनमधल्या मोटार कारखान्यांच्या आणि बॉशच्या पगारावर चालतात हे मला कळतं. आमच्याही घरात येणारा पगार जर्मन गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचा आहे. तिथली माणसं मान मोडून काम करतात, ते मी रोज रात्री जेवणाच्या टेबलावर बघते. यार्सवागन, म्हणजे वर्षभर वापरलेली गाडी, सवलतीत मिळते म्हणून घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, दोन वर्षांत परत विकणाऱ्याला ती परवडतेच. ज्या काकांनी सांबाराचं म्हटलं त्यांनीच त्या नोव्हेंबरात रात्री अकरा वाजता फोर्त्सहाइमला येऊन आम्हाला घरी आणलं होतं, हेही इथे लिहायलाच हवं.

तरी माझं मत बदलत नाही. ज्याला गाडी नवी घेऊन तीन वर्षांत सोडायची आहे, त्यानं जर्मन घ्यावी. ज्याला घरच्या पैशांनी घेऊन दहा वर्षं वापरायची आहे, त्यानं जपानी किंवा कोरियन घ्यावी. दिवाळीच्या कार्यक्रमाला मी माझी वही घेऊन येते आहे. नव्यानं आलेल्या मुलामुलींनी गाडी घेण्याआधी ती जरूर बघावी. आणि ज्यांनी जर्मन गाडी दहा वर्षं फारसा खर्च न करता वापरली आहे, त्यांनीही आपला हिशेब घेऊन यावं. मला तो मनापासून बघायचा आहे.