जोतिबाचा घाट आणि जुनी मोटार

मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी 2023च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या टॅक्सींतूनही गेली. समजा, अशी एक जुनी पद्मिनी दुरुस्त करून तुम्हाला कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर न्यायची आहे आणि पैसे बेताचेच आहेत. ते आधी कशावर खर्चाल? पुष्कळजण रंग म्हणतील. काहीजण मागच्या स्प्रिंगला जादा पाटा घाला म्हणतील. मला दोन्ही पटत नाही.

स्प्रिंग खड्ड्याचा धक्का साठवते आणि परत करते, जिरवत नाही. जिरवण्याचे काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे. त्यातले तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि हेलकाव्याच्या ऊर्जेची उष्णता होते. तेल गळून गेले, की गाडी झोके घेत राहते, चाके रस्ता सोडू लागतात. अधांतरी चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? आणि जोतिबाहून उतरताना तर वळणामागून वळण येते.

पाटा वाढवला, की स्प्रिंग ताठ होते. ताठपणा दुप्पट झाला, तर तेच हेलकावे पूर्वीसारखे शमवायला सुमारे 1.4 पट जोरदार शॉक अ‍ॅब्सॉर्बर लागतो. म्हणजे झिजलेला आणखीच अपुरा पडणार! म्हणून आधी चारही शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि रबरी बुश; स्प्रिंग मोडली असेल तर मूळ मापाचीच. रंग उरल्या पैशांत.

गॅरेजमध्ये खर्च विचारण्यापूर्वी उभ्या गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडा. तीन-चार झोके आले, तर तिथला शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेला. मागे मात्र पाट्यांच्या आपसांतील घर्षणाने दोष थोडा झाकतो; तिथे तेलाचे ओघळही पाहा.