घरातला संगणक आणि खासगीपणाचा हक्क

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता असल्याने नात्यातली आणि मोहल्ल्यातली मुलं-मुली संगणकाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. संगणक मंद झाला, प्रिंटर चालत नाही, असंच बहुतेकदा असतं. पण एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो: मी काय पाहिलं हे घरात कळू नये, यासाठी काय करू? विचारणारी बहुधा मुलगी असते आणि 'तसलं' काही पाहिलेलं नाही, असा खुलासाही ती न विचारता करून टाकते. प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. तो खुलासा तिला का करावा लागतो, हे जास्त महत्त्वाचं.

आपल्या बऱ्याच घरांत संगणक एकच असतो आणि तो बाहेरच्या खोलीत असतो. अब्बांचे बँकेचे व्यवहार, भाईजानचं ऑफिसचं काम, धाकट्याचे गेम, आपाचा अभ्यास, सगळं एकाच खात्यातून चालतं. त्याच संगणकावर कुणी 'खुला' पद्धतीने विवाहातून कसं बाहेर पडता येतं हे शोधते, कुणी दुसऱ्या शहरातलं वसतिगृह बघते, कुणाला नैराश्यावर डॉक्टर हवा असतो, कुणी विशेष विवाह कायद्यातल्या 30 दिवसांच्या नोटिशीबद्दल वाचत असतो. यात गुन्हा कसलाच नाही. पण दुसऱ्या दिवशी कुणी ब्राउझरमध्ये दोन अक्षरं टाइप केली की कालचा शोध समोर येतो आणि घरात चौकशी सुरू होते. विचार पक्का व्हायच्या आधीच त्याचा जाब द्यावा लागला, तर माणूस विचार करणंच सोडून देतो. खरं नुकसान हे आहे.

18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. तसाच प्रश्न मनात आलेल्या आजच्या मुलीचं पहिलं पाऊल रस्त्यावर पडत नाही, ते घरच्या संगणकावर पडतं. ते तिला निर्धास्तपणे टाकता आलं पाहिजे.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. पण घरात कुणी कुणाचा ब्राउझर उघडावा, हे सांगायला न्यायालय येत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही एखाद्या व्यक्तीने घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. घरातला नियम घरानेच करायचा आहे आणि तो आपल्याला परका नाही. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या गोष्टींची टेहळणी करायला मनाई आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यायला सांगितलं आहे; इतकंच काय, घरातल्या लहान मुलांनीही दिवसातल्या तीन वेळी विचारूनच आत यावं, असा दंडक आहे. जे दाराला लागू, ते स्क्रीनला का नाही?

आता कामाचं. संगणकावरच्या खुणा एका जागी नसतात.

पहिली जागा ब्राउझर. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबल्या की सफाईची चौकट उघडते. तिथे कालावधी 'ऑल टाइम' निवडा, नाहीतर थोड्याच वेळाची नोंद जाते. हिस्टरी, कुकीज आणि कॅशे पुसले तरी साठवलेले पासवर्ड आणि ऑटोफिल वेगळे राहतात; त्यांची खूण वेगळी करावी लागते.

दुसरी जागा तुमचं खातं. गुगलचे शोध आणि यूट्यूबवर पाहिलेले व्हिडिओ 'माय ॲक्टिव्हिटी'मध्ये वेगळे साठतात. घरच्या संगणकावर तुमचं खातं सिंकसह चालू राहिलं असेल, तर मोबाइलवर पाहिलेलंही तिथे दिसू शकतं. काम झालं की साइन आउट करा.

तिसरी जागा विंडोज. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, डाउनलोड्स फोल्डर, रिसायकल बिन आणि क्लिपबोर्डचा इतिहास. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर विंडोज आणि व्ही या कळा दाबताच तुम्ही कॉपी केलेला मजकूर कुणालाही दिसतो.

इन्कॉग्निटोवर फार विसंबू नका. त्यात हिस्टरी त्या संगणकावर साठत नाही, एवढंच. डाउनलोड केलेली फाइल राहते. वेबसाइटला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला किंवा कॉलेजच्या नेटवर्कला तुमची भेट कळू शकते. इन्कॉग्निटोतही माहिती गोळा होते, या तक्रारीवर अमेरिकेत 2020 मध्ये गुगलविरुद्ध खटला झाला. 2024 च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

सफाईचं कुठलंही सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका. 2017 मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे 22.7 लाख संगणकांवर पोहोचली होती. वर सांगितलेल्या कामाला ब्राउझर आणि विंडोज पुरेसे आहेत.

संगणक विकताना मात्र नुसतं डिलीट करून भागत नाही. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की अनुक्रमणिकेतली नोंद जाते. मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. गारफिंकेल आणि शेलाट या संशोधकांनी 158 जुन्या डिस्क विकत घेतल्या होत्या. चालू असलेल्या 129 पैकी फक्त 12 नीट पुसलेल्या निघाल्या, असं त्यांनी 2003 मध्ये मांडलं. म्हणून विंडोजच्या 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून 'क्लीन डेटा' चालू करा.

दोन सावधगिरीच्या सूचना. कुणी धमकावत किंवा छळत असेल, तर ते मेसेज पुसू नका. तो पुरावा आहे. चौकशी सुरू झाल्यावर पुरावा नष्ट करणं हा गुन्हाही ठरतो. आणि घरात हिंसा असेल, तर पूर्ण कोरी हिस्टरीच संशय वाढवते. नेमक्या तेवढ्याच नोंदी काढा, किंवा मदत शोधायला विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन वापरा. महिला हेल्पलाइन 181 वर फोनही करता येतो. त्यानंतर कॉल लॉगमधून तो नंबर काढायला विसरू नका.

2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 2022 च्या जानेवारीत 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या स्त्रियांना गप्प करण्याचा तो डाव होता. मुलींना नेटपासूनच दूर ठेवा, असा धडा कुणी त्यातून काढत असेल, तर तो डाव आपणच यशस्वी करतो आहोत. पडदा दुसऱ्याने ठरवलेला असतो. काय दाखवायचं आणि काय नाही हे जिचं तिने ठरवणं, हा खासगीपणा.

म्हणून तरुण मित्रांनो, विशेषतः घरातल्या भावांनो, या रविवारी अर्धा तास काढा. संगणकावर प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड करा. रोज खुणा पुसत बसण्यापेक्षा हा उपाय टिकाऊ आहे. मात्र ज्याच्याकडे ॲडमिनचं खातं असेल, त्याला तंत्राच्या दृष्टीने इतरांच्या फाइली उघडता येतात. घरात ते खातं बहुधा तुमच्याकडेच असेल. बहिणीचं खातं आपण उघडणार नाही, हे तिला तोंडाने सांगा आणि पाळा.