दमेकऱ्याने बसावे की चालावे?

सकाळी आमच्या पेडगावातून फेरी मारणारास एखाद्या ओसरीवर भिंतीस टेकून धापा टाकणारे वृद्ध माणूस हटकून दृष्टीस पडते. सून म्हणते, "आत्याबाई, उठू नका, पाणी मी आणते." नातू म्हणतो, "आबा, पारावर कशाला निघालात? दम लागंल." यात माया आहे हे आम्ही जाणतो, परंतु ही माया रोग्याच्या हिताची नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लोक ज्यास सरसकट दमा म्हणतात, त्यात पुष्कळदा दुसराच एक रोग दडलेला असतो. श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात व फुप्फुसांतील वायुकोश नाश पावतात. डॉक्टर यास सीओपीडी म्हणतात. 2016 साली भारतात असे सुमारे साडेपाच कोटी रोगी असल्याचा अंदाज होता. हा केवळ विडी ओढणारांचा रोग, ही समजूत अपुरी आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये चुलीच्या धुराकडे बोट दाखविले. पऱ्हाट्या व गोवऱ्या जाळून जिने चाळीस वर्षे भाकरी थापल्या, तिला हे निराळे सांगावयास नको. (गॅसची शेगडी आली तरी अंघोळीचे पाणी अनेक घरी अद्याप चुलीवरच तापते, तेही येथे नमूद करून ठेवतो.)

आता बसून राहण्याने काय होते ते पाहा. दम लागतो म्हणून रोगी चालणे टाकतो. न चालल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूंत थोड्याच श्रमाने आम्ल साचते, आणि ते निस्तरण्यासाठी अधिक श्वास घ्यावा लागतो. पूर्वी विहिरीपर्यंत जाऊन लागणारा दम मग दारातच लागतो. बिघडलेले फुप्फुस व्यायामाने नवे होत नाही. परंतु पाय सुधारतात, आणि त्याच फुप्फुसावर माणूस अधिक चालतो.

हे आमच्या पदरचे नव्हे. विश्रांती हाच उपाय मानला जात असता अमेरिकेतील डॉ. अल्व्हान बॅरॅक यांनी 1952 सालीच अशा रोग्यांस चालावयास लावावे, असे सुचविले होते. 2015 साली कॉक्रेन संस्थेने 65 चाचण्यांतील 3,822 रोग्यांचा एकत्र विचार केला. शिक्षण घेतलेले रोगी सहा मिनिटांत इतरांहून सरासरी सुमारे 44 मीटर अधिक चालले. धडधाकटास हे अंतर क्षुल्लक वाटेल. ज्यास शौचास जाण्यासही दुसऱ्याचा हात धरावा लागतो, त्यास विचारावे.

साहित्य म्हणाल तर सपाट जमीन, घड्याळ, एक खुर्ची आणि वाळू भरलेल्या दोन बाटल्या. आठवड्यातून दोन-तीन दिवस, निदान सहा ते आठ आठवडे. दम लागेल इतके चालावे, मात्र तुटक का होईना बोलता आले पाहिजे. मग थांबून, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडावा व पुन्हा निघावे. आरंभी डॉक्टरांनी तपासणे अवश्य आहे. छातीत कळ येणारास वा क्षयाची शंका असणारास त्याचा उपचार आधी. औषधाचा पंपही बंद करू नये.

मग अडते कोठे? असे शिक्षण बहुधा मोठ्या शहरांतील रुग्णालयांत मिळते. ज्यास दारापर्यंत चालवत नाही, त्याने आठवड्यातून तीनदा आगगाडी गाठावी, हा न्याय उफराटा आहे. शाळा सुटल्यावर गावोगावची पटांगणे ओस असतात; आशाताई घरोघर जातातच. जाणत्या फिजिओथेरपिस्टाने त्यांस शिकवावे व महिन्यातून एकदा येऊन रोगी पाहावेत, अशी व्यवस्था जिल्हा परिषदेने करावी. पटांगणाच्या कडेने सावलीत दोन-चार बाके मात्र हवीत. प्रारंभी दर फेरीस बसावे लागणारच.